आवाजाचा हमाल

त्याच्या अंगावर कुणाचंही नाव नाही. काळ्या ॲल्युमिनियमची डबी, तळहातावर मावेल एवढी. पुढच्या पट्टीवर एक तांबडा दिवा, आवाज कमीजास्त करायची गोल खुंटी, दोन दाबायची बटणं आणि तीन भोकं: एकातून वीज येते, एकातून गाणं आत जातं, एकातून बाहेर पडतं. मागची बाजू कोरी. सगळ्या तारा तोंडाकडूनच निघतात, त्यामुळे टेबलावर तो कधी नीटनेटका दिसत नाही. हेडफोन ॲम्प्लिफायर हे त्याचं पूर्ण नाव. घरात सगळे त्याला ‘ॲम्प’ म्हणतात, मी हमाल मानतो. पंचवटीच्या मार्केट यार्डात गोणी वाहणारा माणूस पोतं उसवून आत काय आहे ते बघत नाही, आपल्या पदरचं मूठभर त्यात टाकत नाही, वाटेत सांडत नाही. जे दिलं ते, सांगितलं तिथं पोचवतो. ॲम्पचं कामही इतकंच असतं, आणि जो ते इतकंच करतो तो ॲम्प चांगला.

त्याचा आराखडा काढणाराही निनावीच. २०११ साली ‘एनडब्ल्यूएव्हीगाय’ या टोपणनावानं लिहिणाऱ्या एका इंजिनिअरनं ‘ऑब्जेक्टिव्ह टू’ नावाच्या ॲम्पचा संपूर्ण नकाशा जगासमोर ठेवला. लोक त्याला ओ-टू म्हणतात. कोणता भाग कुठं लावायचा, का लावायचा, मोजमापं काय आली, सगळं उघड. सुटे भाग कुठंही मिळणारे आणि स्वस्त. त्याचं म्हणणं ठाम होतं: ॲम्पनं आवाजाला स्वतःचा रंग देता कामा नये, आणि तो देतो की नाही हे मोजून दाखवता येतं. त्या काळी महागड्या ॲम्पच्या जाहिरातींत ‘ऊब’, ‘गोडवा’, ‘रेशमीपणा’ असे शब्द असत. हा माणूस आलेख छापत असे. २०१२ मध्ये त्याचं लिहिणं थांबलं. तो कोण, कुठला, हे त्यानं कधी सांगितलं नाही. त्याचा नकाशा मात्र देशोदेशीच्या टेबलांवर डाग देऊन उभा राहिला. त्यातलंच एक टेबल नाशिकमधलं.

माझा हमाल तिथं जन्मला. इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा, आमच्याच गल्लीत खोली घेऊन राहणारा. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला जायचं, लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतून आयसी, रेझिस्टर, खुंट्या, सॉकेट गोळा करायची आणि संध्याकाळच्या पंचवटीनंच परत यायचं, असं करत त्यानं सामान जमवलं. अडलं ते वीजपुरवठ्यापाशी. या ॲम्पला डीसी नको, एसी हवा: भिंतीतले २३० व्होल्ट १५ पर्यंत उतरवून तसेच्या तसे द्यायचे. मोबाइलच्या जमान्यात सगळे अडॅप्टर डीसी. शेवटी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या वर्कशॉपनं त्याला एक लहानसा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून दिला. नाशिकमध्ये विजेच्या सामानाचे कारखाने पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत, त्यामुळे तांब्याची तार बोटांनी ओळखणारी माणसं इथं अजून सापडतात. नोकरीसाठी पुण्याला जाताना मुलगा डबी माझ्याकडे ठेवून गेला. “काका, तुमच्या हेडफोनला हा शोभेल,” म्हणाला.

शोभेल हे खरं. लागेल का, हे ठरवण्यात माझे बरेच दिवस गेले. त्या दिवसांतच या डबीचा स्वभाव मला कळत गेला.

ॲम्प लागतो की नाही, हे ॲम्पकडे बघून कळत नाही. ओझं किती आणि ते किती उंच चढवायचं, हे आधी विचारावं लागतं. विजेच्या भाषेत उंची म्हणजे व्होल्टेज आणि ओझं म्हणजे करंट. हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे छापलेले असतात. पहिला ओहममध्ये, म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो. दुसरा डेसिबलमध्ये, म्हणजे दिलेल्या विजेतून तो आवाज किती काढतो. गिऱ्हाइकं पहिला आकडा वाचतात, दुसऱ्याकडे दुर्लक्ष करतात, आणि तिथंच निर्णय चुकतो.

माझ्याकडे सेनहायझरचा एचडी ६५० आहे. २००३ पासून बाजारात असलेला, पाठीमागून उघडा. तो ३०० ओहमचा, आणि १ व्होल्ट दिला की कंपनीच्या कागदाप्रमाणे १०३ डेसिबल देतो. तबल्याची एखादी थाप क्षणभर ११० डेसिबलपर्यंत चढावी असं वाटत असेल तर सव्वादोन व्होल्ट लागतात. करंट मात्र साडेसात मिलिॲम्पिअर, म्हणजे नगण्य. ओझं हलकं, जिना उंच. याच्या अगदी उलट्या प्रकृतीचा हायफायमनचा एचई-६: फक्त ५० ओहमचा, पण १ मिलिवॅटला ८३.५ डेसिबल एवढंच देणारा. त्याला त्याच ११० डेसिबलसाठी पावणेपाच व्होल्ट आणि वर ९५ मिलिॲम्पिअर हवेत. जिनाही उंच आणि पोतंही जड. ‘ओहम कमी, म्हणजे ॲम्प नको’ हा हिशेब इथं साफ कोसळतो. आणखी एक सापळा आहे. काही कंपन्या डेसिबल १ मिलिवॅटला सांगतात, काही १ व्होल्टला. ३२ ओहमच्या हेडफोनला १ व्होल्ट दिला की ३१ मिलिवॅट होतात, म्हणजे दोन्ही आकड्यांत १५ डेसिबलचा फरक पडतो. कागदावर ९७ वाचून हळहळणाऱ्याच्या हातात खरं तर ११२ असतात.

हेडफोनमध्ये इतकी तफावत का, असं कुणालाही वाटेल. ज्या काळात जे यंत्र त्यांना वीज देणार होतं, त्याच्या मापानं ते घडवले गेले. रेडिओ केंद्रांत आणि स्टुडिओत व्होल्टेजला तोटा नव्हता. एकाच तारेवर चार जणांनी हेडफोन जोडले तरी यंत्राला भार वाटू नये, म्हणून प्रत्येक हेडफोनचा अडथळा मोठा ठेवत. सेनहायझरचा १९६८ चा एचडी ४१४ तर २००० ओहमचा होता. मग १९७९ साली सोनीचा वॉकमन आला. त्यात दोन पेन्सिल सेल, म्हणजे सगळे मिळून ३ व्होल्ट. एवढ्याशा विजेत मोठा आवाज हवा असेल तर हेडफोनलाच नमतं घ्यावं लागणार होतं, आणि त्यानं घेतलं. आपल्या खिशातले ३२ ओहमचे आणि १६ ओहमचे हेडफोन-इअरफोन याच वंशातले. ते लॅपटॉपला जोडले की जमतं, याचं कारण दोघंही एकाच तुटपुंज्या विजेच्या संसारातून आले आहेत. माझा ३०० ओहमवाला दुसऱ्या घराण्यातला.

आता लॅपटॉप. तो काय देतो, हे कागदावर सहसा सापडत नाही, पण मोजता येतं, आणि मोजायला एक साधा मल्टिमीटर पुरतो. ६० हर्ट्झच्या सुराची पूर्ण पातळीची फाइल लावायची, आवाज शेवटपर्यंत वाढवायचा, हेडफोन काढून ठेवायचे आणि जॅकमध्ये घातलेल्या पिनेचं टोक व मूळ यांच्यावर मल्टिमीटरच्या सळया टेकवायच्या, मीटर एसी व्होल्टवर. माझ्या लॅपटॉपचे १ व्होल्टच्या आसपास येतात. मग त्याच दोन टोकांवर ३३ ओहमचा रेझिस्टर टेकवून पुन्हा मोजायचं. आकडा किती खाली येतो, त्यावरून जॅकचा आतला अडथळा कळतो. समजा १ चा पाऊण व्होल्ट झाला, तर तो अडथळा ११ ओहम. ३०० ओहमच्या हेडफोनला त्याची पर्वा नाही. १६ ओहमच्या इअरफोनला मात्र आहे. त्यांचा स्वतःचा अडथळा सुरागणिक बदलत असतो, त्यामुळे आवाजाचा तोल ढळतो: कुठं खर्ज फुगतो, कुठं वरचे स्वर बसतात. जॅकचा अडथळा हेडफोनच्या अडथळ्याच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, हा जाणकारांचा ठोकताळा त्यासाठीच आहे. माझ्या हमालाचा अडथळा अर्ध्या ओहमच्या आसपास. इथं त्याचा एक गुण दिसतो: कुठलाही हेडफोन लावा, तो वाकत नाही.

म्हणून सगळ्यांनी ॲम्प घ्यावा का? मुळीच नाही, आणि हे मला शेजारच्या मुलामुळे नीट कळलं. तो घरून काम करतो, रात्री गेम खेळतो, सुट्टीच्या दिवशी कॉलेजच्या मित्रांसाठी ध्वनिमुद्रणं साफ करून देतो. त्याचे हेडफोन ३२ ओहमचे, कान पूर्ण झाकणारे. कुणाच्या तरी व्हिडिओत ‘ॲम्पशिवाय हे हेडफोन झोपलेले असतात’ असं ऐकून तो दहा हजारांचा ॲम्प मागवायच्या बेतात होता. “काका, जागे करायचेत त्यांना,” म्हणाला. मी डबी उचलून त्याच्या घरी नेली.

जोडून बघितलं तर खुंटी जेमतेम हलवली तोच आवाज पुरेसा झाला. तेवढ्या खालच्या टोकाला खुंटीच्या आतल्या दोन पट्ट्या सारख्या चालत नाहीत, त्यामुळे डावा कान उजव्याहून किंचित मोठा ऐकू येऊ लागला. गाणं थांबवल्यावर बारीकशी सळसळही आली. ती त्याच्या कॉम्प्युटरची होती, आणि हमालानं गाण्याबरोबर तीही इमानानं वर चढवली. त्याचे हेडफोन मुळात झोपलेले नव्हतेच. त्यांना लागणारं सगळं त्याच्या कॉम्प्युटरचा जॅक आधीच देत होता.

तरी त्याला एक शंका राहिली, आणि ती रास्त होती. ॲम्पमधून पहिल्यांदा ऐकताना गाणं भरदार वाटलं होतं. त्याचं काय? त्याचं उत्तर १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी आलेखांतून दाखवून दिलं आहे. आवाज हळू असला की माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. तोच आवाज थोडा वाढवला की खर्ज भराभर वर येतो. म्हणून दोन यंत्रांपैकी ज्याचा आवाज अर्धा-एक डेसिबल जास्त, ते आपल्याला ‘मोठं’ न वाटता ‘चांगलं’ वाटतं. दुकानात ॲम्प विकला जातो तो याच जागी. तुलना करायची तर दोन्ही बाजूंचे व्होल्ट मल्टिमीटरनं सारखे करून घ्यायचे, शंभरात एकाचाही फरक न ठेवता. मग दुसऱ्या कुणाला तरी न सांगता तारा बदलायला लावायच्या आणि आपण डोळे मिटून ओळखायचं. आम्ही तसं केलं. तारा त्याची आई बदलत होती. त्याला ओळखता आलं नाही, मलाही नाही. ॲम्पचे पैसे वाचले. त्या सळसळीसाठी त्यानं एक साधा यूएसबी डोंगल घेतला, ज्यात डिजिटलचा आवाज करणारी चिप कॉम्प्युटरच्या गोंगाटाबाहेर बसते.

हे कुणी सांगत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. कॉम्प्युटरच्या आवाजाबद्दल ज्या तक्रारी असतात, त्यांतल्या बऱ्याच ॲम्पच्या हद्दीतल्या नसतात. माउस फिरवला की चिरचिर होते, चार्जर लावला की गुणगुण सुरू होते: हा दोष जॅकच्या आधीचा. ॲम्प तोच दोष मोठा करून देईल. जुन्या नाशकातल्या कित्येक घरांत सॉकेटला तीन भोकं असतात, पण तिसऱ्यामागे अर्थिंगची तार नसते. तिथं इलेक्ट्रिशियनला बोलावणं हा पहिला उपाय, आणि तो केवळ आवाजासाठी नाही, जिवासाठीही आहे. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघावा. गुणगुण थांबली तर दोषी सापडला. मोबाइलवर टिपलेल्या ढोलाचंही तसंच. गणेशोत्सवात नाशिक ढोलाचं पथक समोरून जात असताना फोन वर धरला, तर टिपऱ्या पडण्याच्या क्षणी फोनचा माइक आवाजाचे शेंडे तिथंच छाटून टाकतो. ते छाटलेले शेंडे कुठलाही ॲम्प परत आणू शकत नाही. पोत्यात जे भरलंच नाही, ते हमालानं कुठून आणायचं?

मग माझ्या टेबलावर तो का राहिला? यासाठी पंचवटीत राहणाऱ्या एका बाईंचं सांगावं लागेल. त्या गाणं शिकवायच्या. आता शिकवणं थांबलं आहे, पण त्यांच्या कपाटात घरगुती मैफलींच्या कॅसेटी आहेत, कित्येकांवर पेन्सिलीनं फक्त रागाचं नाव. त्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं काम मी करत असतो. एकदा मी त्यांना गायक दत्तात्रेय विष्णु पलुस्करांची जुनी ७८ फेऱ्यांची मुद्रणं लॅपटॉपवरून ऐकवली. नाशिकला पलुस्करांबद्दल वेगळी माया आहे. त्यांचे वडील विष्णु दिगंबर यांनी इथं रामनाम आधार आश्रम थाटला, आणि दत्तात्रेयांचा जन्म इथलाच, २८ मे १९२१ चा. दहा वर्षांचे असताना वडील गेले. पुढची तालीम विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडे झाली. ‘बैजू बावरा’ चित्रपटात १९५२ साली अमीर खाँसाहेबांबरोबरची त्यांची जुगलबंदी देशभर पोचली, आणि १९५५ मध्ये, अवघ्या ३४ व्या वर्षी, ते गेले. त्यांच्या आवाजात कुठंही जोर लावल्याची खूण नाही. तीन-साडेतीन मिनिटांत राग उभा करायचा आणि उतरवून ठेवायचा.

तर त्या ७८ च्या मुद्रणांना ॲम्प लागला नाही. लॅपटॉपच्या जॅकवर ३०० ओहमचे हेडफोन, आवाज पाऊण, आणि गाणं समोर. कारण सरळ होतं. त्या तबकड्यांत अगदी हळू आणि अगदी मोठा यांतलं अंतरच कमी; तबकडीची खरखर इतकी की फार हळू काही नोंदवलं तर ते तिच्यातच बुडायचं. म्हणून सगळं गाणं भरल्या आवाजात नोंदवलेलं. हलकं, सपाट ओझं, एका पायरीवर ठेवायचं.

बाईंच्या मैफलीच्या कॅसेटी लावल्या आणि चित्र बदललं. घरातली बैठक, एकच माइक, तो तबल्याच्या जवळ. गायिकेचा आलाप मंद्रातून अगदी सावकाश निघतो आणि मग तबलजी समेवर थाप देतो. थाप मुद्रणाच्या कमाल मर्यादेला टेकलेली, आलाप तिच्यापासून ३५ डेसिबल खाली. कॉम्प्युटरमधला आवाज आधीच शेवटच्या टोकाला. सॉफ्टवेअरनं पातळी वाढवावी तर थाप फाटते. थाप दाबून आलाप वर आणावा तर सगळं एका उंचीचं होतं, बैठकीची खोली नाहीशी होते. मला तो मार्ग मान्य नाही. ज्यानं कुणी तो माइक ठेवला, त्यानं ऐकलेलं अंतर तसंच राहिलं पाहिजे. लॅपटॉपच्या १ व्होल्टवर थापेला १०३ डेसिबल मिळतात, आलापाला ६८. आलाप ऐकू येतो, पण जवळ येत नाही. पंख्याचा घरघराट उघड्या पाठीच्या हेडफोनमधून आत शिरतो आणि षड्जाशेजारी बसतो.

तिथं हमाल लावला. गेन (आवाज किती पट उचलायचा ते) अडीचपट, म्हणजे ८ डेसिबल वर. आलाप ७६ वर आला, थाप क्षणभर १११ वर जाऊन विरली, आणि दोघांमधलं अंतर जसंच्या तसं राहिलं. बाईंनी हेडफोन कानावर नीट बसवले आणि काही वेळानं म्हणाल्या, “इथं तिनं गंधार आधी हळूच बघून घेतला. मी समोर बसले होते, पण हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.” मी विचारलं, “बाई, फितीची सळसळ त्रास देते का?” “ती असू दे,” त्या म्हणाल्या, “ती तर कॅसेटमध्ये आहेच.” खरं होतं. सळसळही आठ डेसिबलनं वर आली होती. हमालानं निवडून काही वगळलं नव्हतं.

त्या दिवशी निर्णय झाला, आणि तो एका ओळीत मांडण्याजोगा नव्हता. याच हेडफोनला, याच लॅपटॉपवर, एका गाण्यासाठी ॲम्प लागत नाही आणि दुसऱ्यासाठी लागतो. आजची बहुतेक चित्रपटगीतं पहिल्या सेकंदापासून कमाल पातळीवर नोंदवलेली असतात. तीच ऐकणाऱ्यानं ३०० ओहमचे हेडफोन घेतले तरी चांगला लॅपटॉप किंवा १ व्होल्ट देणारा डोंगल त्याला पुरतो. रागदारीच्या मैफली, रेडिओची जुनी ध्वनिफीत, पाश्चात्त्य सिंफनी, ज्यात हळू म्हणजे खरोखर हळू असतं, त्या ऐकणाऱ्याला वरच्या दोन-तीन पायऱ्या हव्या असतात. आणि पायऱ्या हव्यात याची खूण अगदी साधी: आवाजाची पट्टी शंभरावर नेली आणि तरीही हात आणखी पुढं जायला बघतो. ज्याचा हात साठ-सत्तरवरच थांबतो, त्यानं खर्चात पडू नये.

त्याच्या ताकदीची मला काळजीही वाटते. हा छोटासा जीव ३०० ओहमला ७ व्होल्टपर्यंत चढवू शकतो. एचडी ६५० वर त्याचे १२० डेसिबल होतात, आणि माणसाच्या कानाला तिथं काही काम नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकलं तर चालतं, ९० वर गेलं की तेच ४ तासांवर येतं. आवाज स्वच्छ असला की तो मोठा आहे हे कळत नाही. फाटका आवाज आपल्याला थांबवतो. न फाटणारा थांबवत नाही. हमालाला थकवा नाही, म्हणून मर्यादा आपण ठेवायची. मी खुंटी शून्यावर आणल्याशिवाय हेडफोन बदलत नाही, आणि घरातल्या पोरांना त्याला हात लावू देत नाही.

त्याचा आणखी एक स्वभाव मला एका एप्रिलमध्ये कळला. दुपारी वीज गेली. पंखा थांबला, फ्रिज थांबला, गल्लीतली पिठाची गिरणी थांबली. लॅपटॉप बॅटरीवर होता, आणि या डबीच्या पोटात ९ व्होल्टच्या दोन भरता येणाऱ्या बॅटऱ्या आहेत, त्यामुळे तोही चालूच राहिला. मी बाईंची कॅसेट ऐकत होतो. आवाज आपसूक जास्त वाटायला लागला आणि मी खुंटी खाली आणली, आणखी खाली आणली, आणि शेवटी डबी काढून हेडफोन थेट लॅपटॉपला लावले. पुरत होतं. खोलीतला गोंगाट दहा-पंधरा डेसिबल कमी झाला की आलापाला उंच चढायची गरजच उरत नाही. घामानं कान भिजले होते तरी मी वीज येईपर्यंत उठलो नाही. म्हणजे मला ॲम्प लागतो त्यात काही वाटा मैफलीचा होता आणि बराचसा पंख्याचा. कान झाकणारे बंद हेडफोन घेतले असते, तर कदाचित हा प्रश्नच आला नसता. पण उघड्या हेडफोनमध्ये आवाज डोक्याबाहेर मोकळा होतो, तो मला सोडवत नाही. नाशिकच्या थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, पंखा बंद असतो तेव्हा डबी आठवडेच्या आठवडे न लावता माझं भागतं. मार्च उजाडला की ती पुन्हा लावतो.

तिचं दुसरं बटण मात्र मी कधीच वापरलं नाही. ते दाबलं की गेन अडीचऐवजी साडेसहापट होतो. कॉम्प्युटरच्या १ व्होल्टचे साडेसहा करायचे ते कुणासाठी? माझ्या हेडफोनला नकोत, कुठल्याच कानाला नकोत. उलट कधी इअरफोन लावावेसे वाटले तर अडीचपटही जास्त होते. म्हणून परवा पुण्याला, ही डबी बनवणाऱ्या मुलाला फोन केला.

“साडेसहाच्या जागी एकपट करता येईल का रे? उचलायचं नाही, नुसतं सरळ पुढं द्यायचं.”

“येईल की. काही घालायचं नाही काका, दोन रेझिस्टर काढायचे फक्त. शनिवारी नाशिकला येतोय. डाग द्यायची गन आणतो, तुम्ही बॅटऱ्या तेवढ्या काढून ठेवा.”